गोंदिया-भंडाऱ्याचे तलाव आणि जंगल नीट कसे फिरायचे

सफारी बुक करायच्या आधी एक काम करा, तलावासाठी एक अख्खी सकाळ वेगळी काढून ठेवा. बहुतेक लोक उलटं करतात, नागझिरा अभयारण्याच्या दोन सफाऱ्या ठरतात, मधल्या वेळात "चला तो नवेगावचा तलाव पण उरकून घेऊ" म्हणून दुपारी बारा वाजता पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, येतात, चार फोटो काढतात, चहा घेतात आणि गाडीत बसतात. त्या वेळी पाणी नुसतं चमकत असतं आणि पक्षी पार मधोमध जाऊन बसलेले असतात, मग घरी गेल्यावर सांगतात की तिथे काही खास नाहीये. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या भागात जंगल जितकं बघण्यासारखं आहे तितकेच तलाव आहेत, आणि जंगलाला परमिट लागतं, जिप्सी लागते, गाइड लागतो, तलावाला फक्त लवकर उठावं लागतं.

तलाव बघायचा म्हणजे काय बघायचं

पहिली गोष्ट, हे तलाव आपोआप झालेले नाहीत, माणसांनी बांधलेत. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांच्या वर तलाव आहेत, त्यातले बरेचसे गोंड राजवटीपासून पुढे कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. जंगल साफ करून तलाव बांधायचा, खाली धानाची शेती काढायची, त्याबदल्यात जमीन मिळायची, असा तो व्यवहार होता. पुढे हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, गेले, १९५०-५१ च्या सुमारास मालगुजारी संपली तेव्हा सरकारकडे आले, म्हणून कागदावर 'माजी मालगुजारी' आणि बोलताना 'मामा तलाव'. लहान असेल तर बोडी. गावात कोणाला विचारताना "लेक कुठे आहे" असं विचारू नका, "भाऊ, तलावाच्या पाळीवर कुठून चढायचं" असं विचारा, लगेच रस्ता सांगतात आणि बऱ्याचदा सोबत पण येतात.

पाळीवर चढलात की घाईने चालत सुटू नका, एका जागी उभे राहा आणि दोन्हीकडे बघा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली छोटी शेतं. मग पाळीला लागून तुडूम शोधा. तुडूम म्हणजे पाणी सोडायची जागा, जुन्या दगडी तुडुमांना एकाखाली एक भोकं असतात, पाणी उतरेल तसं खालचं बूच काढत जायचं म्हणजे नेहमी वरच्या थराचं पाणी शेतात जातं. त्याच्यापुढे पाट, आणि पाटाला लागून कोणाची बांधी आधी भरणार कोणाची नंतर याचा गावाचा हिशोब. पाळीच्या टोकाला जिथे उंची कमी असते आणि जादा पाणी निघून जातं ते सलंग. पावसाळ्यात सलंग वाहायला लागला की मासे धारेवर उलटे चढतात, तिथे अर्धं गाव जाळी घेऊन उभं असतं. ही तीन ठिकाणं, पाळ, तुडूम आणि सलंग, एकदा एका तलावावर नीट बघितलीत की मग जिल्ह्यात कुठेही गेलात तरी तलाव वाचता येतो. पाणी कुठे उथळ असणार, कमळ कुठे असणार, बगळे कुठे उभे राहणार हे आपोआप कळायला लागतं, कारण पाळीजवळ पाणी खोल आणि पलीकडे जंगलाच्या किंवा शेताच्या बाजूला उथळ, आणि पक्ष्यांचा मोठा कारभार त्या उथळ बाजूलाच चालतो.

कधी यायचं

पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी. नोव्हेंबरात धान कापणी चालू असते, पाणी भरपूर असतं, पक्षी पसरलेले असतात, डिसेंबर अर्धा झाला की पाहुणी बदकं चांगली जमलेली असतात. जंगली जनावरांसाठी एप्रिल-मे, पण तेव्हा ऊन ४५ च्या आसपास जातं, लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर मी तरी सुचवणार नाही. पावसाळ्यात जंगलाचा गाभा बंद असतो पण रोवणीच्या, म्हणजे धान लावणीच्या, दिवसात नुसतं रस्त्याने फिरायला हा भाग जितका सुंदर दिसतो तितका वर्षात कधीच दिसत नाही, भरलेली बांधी, त्यात वाकून रोवणी करणाऱ्या बायका, आणि मागे डोंगर. रस्ते मात्र तेव्हा खराब असतात आणि सापांचे दिवस असतात, गमबूट घ्या.

पोचायचं कसं

मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूर-पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस, दोन्ही गोंदियापर्यंत येतात. विमानाने येणाऱ्यांनी नागपूरला उतरून गाडी करावी, साकोली तिथून शंभरेक किलोमीटर, हायवे ५३ सरळ. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असलेली बरी, कारण एसटी गावागावात जाते खरी पण पहाटे साडेपाचला तुम्हाला पाळीवर सोडणार नाही. बल्लारशा लाइनवर सौंदड आणि अर्जुनी मोरगाव ही स्टेशनं नवेगावच्या बाजूला जवळ पडतात, पण त्या लाइनवर गाड्या कमी, वेळ आधी बघून घ्या. पेट्रोल आणि कॅशचं काम साकोली, सडक अर्जुनी किंवा अर्जुनी मोरगावलाच उरकून घ्या, आतल्या गावात नेटवर्क गेलं की ऑनलाइन पेमेंट पण गेलं.

नवेगाव बांधची सकाळ

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात प्रसिद्ध तलाव हाच, अकराएक चौरस किलोमीटर पसरलेला. १८व्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, डोंगरांच्या मधल्या मोकळ्या जागा पाळी घालून बंद केल्या आणि पाणी अडवलं. आजूबाजूच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात आणि कोलू पाटलाला कोलासूर देव म्हणून पुजतात. यंत्र नाही, सिमेंट नाही, आणि तीनेकशे वर्षं होत आली तरी पाळ उभी आहे, तिच्यावर पाय ठेवताना एवढं तरी मनात असू द्या.

सूर्य उगवायच्या आधी अर्धा तास पाळीवर पोचा. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात. दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरे आहे, घरात एकच असेल तर आळीपाळीने वापरा पण मुलांना आधी द्या. पहिल्यांदा येणाऱ्यांनी लांबची बदकं ओळखत बसायच्या आधी कमळाची पानं बघावीत. कमळपक्षी त्या पानांवरून चालताना बघायचा, त्याची बोटं इतकी लांब असतात की सगळं वजन पसरतं आणि पान बुडत नाही, पान किंचित दबतं, कडेने पाण्याची पातळ रेघ आत येते आणि तो पुढच्या पानावर गेलेला असतो. ते एकदा नीट दिसलं की पोरं अर्धा तास जागची हलत नाहीत. त्याच्या आजूबाजूलाच जांभळी पाणकोंबडी, टिबुकली, वारकरी हे सगळे असतात. मग मोकळ्या पाण्यात अडई, हळदीकुंकू बदक, नकटा, आणि हिवाळ्यात लालसरी, तलवार बदक, चक्रवाक. पट्टकादंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, हिमालय ओलांडून येतो, तो पाण्यापेक्षा काठच्या गवतावर चरताना जास्त सापडतो म्हणून पाण्याकडेच डोळे लावून बसू नका.

नऊ-साडेनऊला ऊन वर आलं की पक्ष्यांचं आटोपतं. तेव्हा बोटिंग असेल तर करा, उद्यानात बसा, पण बोट कमळाच्या किंवा पक्ष्यांच्या थव्याच्या दिशेने न्यायला सांगू नका. बोटवाल्याला गिऱ्हाईक खूश ठेवायचं असतं, तुम्ही म्हणाल तिकडे तो नेतो, त्यामुळे नाही म्हणायची जबाबदारी तुमचीच. थवा एकदा उडाला की फोटो छान येतो पण त्या पक्ष्यांना हजारो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते, दिवसातून पाच वेळा उडवले तर ते कसं होणार.

नवेगावला गर्दी वाटली तर गोंदियाच्या बाजूला परसवाडा आणि झिलमिली हे तलाव आहेत, हिवाळी बदकांसाठी फार चांगले, तिरोड्याकडे बोदलकसा आणि चोरखमारा, साकोलीजवळ शिवनीबांध. यातला एकच निवडायचा असेल तर मी परसवाडा सांगेन, पाणी उथळ आणि पक्षी त्यातल्या त्यात जवळून दिसतात.

सारस

हा भाग नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल.

महाराष्ट्रात सारस आता जवळपास फक्त गोंदिया जिल्ह्यात आणि भंडाऱ्यात थोडे उरलेत, अगदी मोजके. नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटला पण आहेत आणि ते दोन्हीकडे ये-जा करतात, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी दोन्ही बाजूंची मोजणी सोबतच होते. उभा राहिला की पाच-साडेपाच फूट, डोकं-मान लाल, बाकी अंग राखाडी, आणि नेहमी जोडीने. पहाटे जोडी एकत्र ओरडते तेव्हा दोघं माना सरळ वर करतात, नराचा एक लांब सूर आणि त्यावर मादीचे दोन आखूड, आवाज दोन-तीन बांध्या पलीकडे उभ्या माणसाच्या छातीत जाणवतो.

आता अडचण अशी आहे की हा पक्षी जंगलात राहत नाही, माणसाच्या शेतात राहतो. पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेला गवत आणि धानाची ताटं ओढून मोठा ढीग करतो आणि त्यावर साधारण दोन अंडी घालतो. महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात. म्हणजे तो वाचणार की नाही हे सगळं त्या बांधीच्या मालकावर आहे. घरट्यापायी थोडंफार धान जातं, तरी कितीतरी शेतकरी ते घरटं स्वतः राखतात, कुत्री हाकलतात, पोरांना जाऊ देत नाहीत. विजेच्या तारा आणि धानावरची फवारणी हे बाकीचे धोके. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांचा विषय स्वतःहून हातात घेतला, तेव्हापासून जिल्ह्यात यावर बोलणं तरी वाढलंय.

तर तुम्ही काय करायचं. गोंदियात 'सेवा' नावाची संस्था बरीच वर्षं सारसांवर काम करतेय, गावागावात सारस मित्र आहेत, त्यांच्यामार्फत जा, एकटे शोधत फिरू नका. जुलै ते ऑक्टोबर घरट्यांचे दिवस, तेव्हा तर रस्त्यावरूनच बघा, बांधावर उतरूच नका. बाकीच्या दिवसात शेतातून जायचं असेल तर मालकाला विचारा, "काका, तुमच्या धुऱ्यावरून गेलो तर चालेल का", एवढंच. धुरा म्हणजे शेताचा बांध. किती लांब राहायचं याचा मीटरमध्ये हिशोब करत बसू नका, पक्षी चरताना मान खाली असते, त्याने मान वर करून तुमच्याकडे बघितलं की तिथेच थांबायचं, बघतच राहिला तर दोन पावलं मागे यायचं. ड्रोन अजिबात नाही. आणि फोटो टाकताना लोकेशन बंद, गावाचं नाव नाही, मागे ओळखू येईल असं देऊळ किंवा टॉवर पण फ्रेममध्ये नको. एका जोडीचा पत्ता व्हायरल झाला की पुढच्या रविवारी तिथे वीस गाड्या उभ्या राहतात आणि मग शेतकरी पण वैतागतो, पक्षी पण. शेतकरी वैतागला तर संपलंच.

ढिवरांशी बोला

तलावावर पहाटे तुमच्या आधी कोणी आलेलं असेल तर ते ढिवर. डोंग्यात उभं राहून जाळं टाकणारे. गावागावात त्यांच्या मच्छीमार सोसायट्या आहेत, तलाव त्यांच्याकडे लिजवर असतो, म्हणजे तुम्ही एका अर्थी त्यांच्या कामाच्या जागी आलेले असता. फोटो विचारून काढा, जाळ्यावरून उड्या मारू नका, आणि वेळ असेल तर मासळी उतरवताना जवळ जाऊन उभे राहा. बोटरी, शिंगूर, मरळ अशी नावं ऐकायला मिळतात, कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो हे तोंडपाठ असतं, आणि पक्ष्यांची माहिती तर आपल्या पुस्तकी माहितीच्या फार पुढे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या लोकांसोबत, त्यातही बायकांसोबत, तलाव सुधारायचं मोठं काम केलंय. तलाव खराब होतो तो फक्त गाळाने नाही, काठावर बेशरम नावाचं झुडूप माजतं आणि पाण्यातल्या मूळच्या वनस्पती मरतात, त्या गेल्या की गावठी मासे जातात, मासे गेले की पक्षी जातात. तर यांनी उन्हाळ्यात तळ उघडा पडला की बेशरम खणून काढायची, जमीन नांगरायची आणि पाऊस लागला की दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या वनस्पती हाताने लावायच्या, अशी पद्धत बसवली. देवधान म्हणजे पाण्यातलं रानटी धान, ते वाढलं की त्यात पक्षी घरटी करतात. अशा सुधारलेल्या आणि न सुधारलेल्या तलावाच्या काठावर एकाच दिवशी उभे राहून बघा, फरक सांगायला कोणी लागत नाही.

तुमच्याकडून एकच अपेक्षा, पाण्यात काही टाकू नका. निर्माल्य नको, घरातले ॲक्वेरियमचे मासे तर बिलकुल नको.

नागझिरा आणि सफारी

नागझिरा १९७० पासून अभयारण्य, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे हे दोन्ही, नवीन नागझिरा, कोका आणि नवेगाव अभयारण्य मिळून डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, देशातला ४६वा. साकोलीकडून आलात तर पिटेझरी गेट सोयीचं, तिरोडा-गोंदियाकडून चोरखमारा. बुकिंग वन विभागाच्या अधिकृत साइटवरूनच करा, ओळखपत्र जे दिलंय तेच सोबत न्या, आणि आठवड्यात कोणत्या वारी सफारी बंद असते ते बघूनच तारीख टाका. सफारीत मोबाइल वापरायला आता बऱ्याच ठिकाणी मनाई आहे, फोटो हवे असतील तर कॅमेरा घ्या.

इथे ताडोबासारखे वाघ दिसत नाहीत हे आधीच मान्य करून या. वाघ कमी आहेत, २०२३ च्या मे मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून इथे सोडल्या त्या त्यासाठीच. पण म्हणूनच गाड्यांची झुंबड नाही, आणि जंगल जंगलासारखं ऐकू येतं. रानकुत्री, रानगवे, अस्वल, चौसिंगा हे इथे खरे बघायचे. गाइड गावातलीच पोरं असतात, त्यांना गाडीत बसल्या बसल्या सांगा, "भाऊ, वाघाच्या मागे पळायचं नाही, हळू चला आणि झाडं-पक्षी पण सांगा." एवढं म्हटलं की त्यांचा चेहरा बदलतो, मग ऐनाचं झाड दाखवतात, मगरीच्या पाठीसारखी त्याची साल, बिजा, तेंदू, मोह, अस्वलाने नखांनी ओरबाडलेलं खोड, सगळं येतं. नागझिऱ्याच्या मधोमध जो तलाव आहे तिथे गाडी बंद करून शक्य तितका वेळ थांबा. जनावर पाण्यावर येतंच, तुम्ही त्याच्या मागे गेलात तर येत नाही.

पायी फिरायचं असेल तर गाभ्यात परवानगी नाही आणि बाकी जंगलात पण गावातला माणूस सोबत घेतल्याशिवाय जाऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये लोक पहाटे मोहफुलं वेचायला जातात, मे मध्ये तेंदूपत्ता, आणि वाकून काम करणाऱ्या माणसावर अस्वलाचे, बिबट्याचे, वाघाचे हल्ले होतात. गावकरी सांगतील इकडे जाऊ नका, तर तिकडे जायचं नाही, वाद घालायचा नाही.

हायवे ५३ च्या उत्तरेला नागझिरा आणि दक्षिणेला नवेगाव, जनावरं याच रस्त्यावरून इकडून तिकडे जातात. अंधार पडल्यावर या पट्ट्यात गाडी ४० च्या वर नेऊ नका, आणि शक्यतो अंधारात चालवूच नका.

दिवस उरला तर

प्रतापगडचा डोंगर चढा, वर महादेव आणि तिथेच दर्गा, महाशिवरात्रीला प्रचंड जत्रा असते, शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा. जवळच गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, आणि गोठणगावच्या बाजूला १९७२ पासूनची तिबेटी वसाहत, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्याच्या, मध्यात प्रार्थनेच्या पताका फडफडताना दिसतात. पूर्वेला सालेकसा तालुक्यात हाजरा फॉल आणि कचारगडच्या गुहा. धबधबा पावसाळ्यात आणि ऑक्टोबरपर्यंतच. कचारगड हे गोंड समाजाचं मोठं श्रद्धास्थान आहे, माघ पौर्णिमेला देशभरातून लोक येतात, तिथे पिकनिकच्या मूडमध्ये स्पीकर लावून जाऊ नका.

आणि दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत आलात तर कुठल्या गावात मंडई (म्हणजे गावची जत्रा) किंवा नाटक आहे ते विचाराच. झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, थंडीत सगळं गाव चादरी घेऊन बसलेलं असतं. नाटक बघून तसेच पाळीवर जाता येतं, झोप दुपारी काढा.

बॅगेत काय हवं ते थोडक्यात: थंडीत पहाटेसाठी जाड जॅकेट कारण पाण्यावरचा गारठा शहराच्या थंडीपेक्षा वेगळा असतो, मातकट रंगाचे कपडे, टॉर्च, डासांचं मलम, ओआरएस, पाण्याची मोठी बाटली, आणि कचरा परत न्यायला एक पिशवी. जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा, गावात हॉटेल नसतं पण सांगून ठेवलं तर भात, लाखोरीची डाळ आणि तलावातली ताजी मासळी कोणीही करून घालतं, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.